२८८ मध्ये एक : डहाणूचा लाल बावट्याचा आमदार विधानसभेत नेमके काय करतो?

१० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले. त्या दिवशी अनेक विरोधी सदस्यांनी विधेयकातील तरतुदींविषयी शंका मांडल्या, खुलासे मागितले. पण विधेयकाला उघड विरोध करणारे सभागृहातील एकमेव सदस्य म्हणून बातम्यांत नाव आले ते डहाणूचे आमदार विनोद निकोले यांचे. त्यानंतरचे काही दिवस ठाण्यात ओळखीच्या माणसांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळाला. महाराष्ट्रात अजून कम्युनिस्ट आमदार आहेत का, आणि असलाच एखादा, तर २८८ जणांच्या सभागृहात तो एकटा काय करणार?

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही. ठाणेकरांनी ते समजून घ्यावे, याला आणखी एक कारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत डहाणू आणि तलासरी हे ठाणे जिल्ह्याचेच तालुके होते. तलासरीच्या शेतकऱ्याला जिल्हा पातळीवरच्या कामासाठी शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून ठाण्याच्या कोर्ट नाक्यावरची जिल्हाधिकारी कचेरी गाठावी लागे. त्या कचेरीसमोर लाल झेंडे घेऊन बसलेले आदिवासी स्त्री-पुरुष ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांना या लेखाचा विषय परका वाटणार नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

‘कम्युनिस्ट’ हा शब्द आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. भारतीय कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे भाकप, हा जुना पक्ष. १९६४ मध्ये त्यात फूट पडून भारताचा कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी), म्हणजे माकप, निर्माण झाला. निकोले या पक्षाचे आहेत आणि डहाणू-तलासरी भागातील लाल बावट्याचे बळ प्रामुख्याने याच पक्षामागे राहिले. तिसरा पक्ष म्हणजे २००४ मध्ये स्थापन झालेला भाकप (माओवादी), ज्यावर केंद्र सरकारने २००९ मध्ये बंदी घातली. पहिले दोन पक्ष निवडणूक लढवतात आणि त्यांचे प्रतिनिधी राज्यघटनेची शपथ घेऊन सभागृहात बसतात. तिसरा पक्ष निवडणुकीचा मार्गच नाकारतो आणि शस्त्र हाती घेतो. हा फरक तपशिलाचा नव्हे, मूळ भूमिकेचा आहे.

जनसुरक्षा विधेयकावरच्या वादाचे मूळही काहीसे येथेच होते. विधेयकाचा रोख ‘कडव्या डाव्या विचारसरणी’च्या संघटनांवर होता. कायदेशीर मार्गाने मोर्चे काढणाऱ्या संघटनांना त्याचा त्रास होणार नाही, असे सरकारचे म्हणणे होते. डाव्या पक्षांचे म्हणणे असे की, ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या सैल ठेवली, तर आज नाही तरी उद्या तिच्या कक्षेत मोर्चा आणि धरणेही येऊ शकतात. ज्या पक्षाचे सारे आयुष्य मोर्च्यावर उभे आहे, त्याला ही भीती इतरांपेक्षा अधिक जवळची वाटणे स्वाभाविक आहे.

वडापावच्या गाडीपासून विधानसभेपर्यंत

निकोले राजकीय घराण्यातून आलेले नाहीत. डहाणूत वडापाव आणि चहा विकून त्यांनी काही काळ गुजराण केली, पुढे पक्षाच्या संपर्कात आले आणि पूर्णवेळ कार्यकर्ता झाले. माकपशी जोडलेल्या सीटू या कामगार संघटनेचे काम त्यांनी केले. २०१९ मध्ये भाजपचे तत्कालीन आमदार पास्कल धनारे यांचा ४,७०७ मतांनी पराभव करून ते विधानसभेत गेले. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी दाखवलेली मालमत्ता सुमारे ५१ हजार रुपयांची होती, त्यामुळे ‘सर्वांत गरीब आमदार’ म्हणून त्यांची राज्यभर चर्चा झाली. २०२४ मध्ये महायुतीला राज्यात प्रचंड बहुमत मिळाले. त्याच निवडणुकीत निकोले पुन्हा निवडून आले, या वेळी ५,१३३ मतांच्या फरकाने. दोन्ही वेळा ते पक्षाचे राज्यातील एकमेव आमदार ठरले.

‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ म्हणजे ज्याने दुसरा कोणताही व्यवसाय न करता पक्षाचे काम हेच आयुष्य मानले आणि ज्याला पक्ष निर्वाहापुरते मानधन देतो, असा माणूस. येथेच कम्युनिस्ट आमदार आणि इतर आमदार यांच्यातला एक महत्त्वाचा फरक सुरू होतो. माकपच्या पक्षघटनेनुसार आमदाराला मिळणारे वेतन आणि भत्ते हा पक्षाचा पैसा मानला जातो आणि त्यातून त्या आमदाराला किती द्यायचे, हे पक्षाची समिती ठरवते. एकत्र कुटुंबात कमावता मुलगा पगाराचे पाकीट आईच्या हाती देतो आणि स्वतःच्या खर्चापुरते तिच्याकडून मागून घेतो, तशी ही रीत आहे.

या रीतीचा परिणाम केवळ पैशापुरता राहत नाही. आमदारकी ही त्या माणसाची कमाई न राहता संघटनेने त्याच्याकडे सोपवलेले काम ठरते. निवडणूक हरल्यावर तो निवृत्त होत नाही, कारण आमदार होण्याआधी तो जे करत होता ते काम थांबलेलेच नसते. सुरगाण्याचे माकपचे नेते जीवा पांडू गावित यांचे उदाहरण घ्या. १९७८ पासून २०१४ पर्यंत ते सात वेळा विधानसभेवर निवडून आले, मध्ये १९९५ आणि २००९ मध्ये हरले, २०१९ मध्ये पुन्हा हरले. पण विजय आणि पराभव या दोन्ही काळांत नाशिकच्या आदिवासी शेतकऱ्यांचे मोर्चे त्यांच्याच नेतृत्वाखाली निघत राहिले. २०१४ मध्ये नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते, म्हणजे सभागृहात एकटाच आमदार असलेल्या पक्षाच्या सदस्याने इतर सर्वांना शपथ दिली. मानाचा तो प्रसंग. तरीही गावितांचे नाव लोकांच्या लक्षात आहे ते मोर्च्यांमुळे.

ही जागा आली कुठून?

डहाणूची जागा निवडणुकीच्या एखाद्या लाटेत हाती लागलेली नाही. तिच्यामागे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि तो ठाणे जिल्ह्याचाच इतिहास आहे.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. डहाणू-उंबरगाव भागातून थोडेसे वारली त्या अधिवेशनाला आले होते. त्यांच्या बोलण्यातून तेथल्या जगण्याचे जे चित्र उभे राहिले, ते स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या देशाला लाज वाटावी असे होते. वेठ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर आणि घरी बिनमोबदला राबणे. ते रोजचेच होते. त्याहून भयंकर होती लग्नगड्याची पद्धत. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे, आणि ते कर्ज बहुधा आयुष्यभर फिटत नसे. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यानंतर या भागात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी हजारो वारल्यांची परिषद झाली आणि वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असा निश्चय तिथे झाला.

गवतकापणीच्या मजुरीसाठी त्याच वर्षी संप सुरू झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण त्यात मृत्युमुखी पडले. आजही १० ऑक्टोबर हा हुतात्म्यांचा दिवस म्हणून तलासरी भागात पाळला जातो. बाहेरच्या माणसाला या भागातले मतदान ‘पक्षनिष्ठा’ वाटते. मला ते त्याहून अधिक काही वाटते. ज्या घराने आजोबांच्या तोंडून वेठ संपल्याची हकीकत ऐकली आहे, त्या घरासाठी लाल बावटा निवडणुकीत उतरण्याच्या फार आधीपासून घराच्या इतिहासाचा भाग आहे.

निवडणुकीत हे बळ पुढे दिसले. १९५७ मध्ये श्यामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर गेले, १९७७ मध्ये लहानू कोम डहाणूतून लोकसभेवर गेले, २००९ मध्ये राजाराम ओझरे डहाणूतून विधानसभेवर निवडून आले. २०१४ मध्ये ही जागा गेली आणि २०१९ मध्ये निकोले यांनी ती परत मिळवली.

येथे एक गोष्ट ठाणेकर वाचकासमोर मुद्दाम ठेवावीशी वाटते. एकेकाळी लाल बावट्याचा खरा बालेकिल्ला मुंबईच्या गिरणगावात होता. परळचे भाकपचे आमदार कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला आणि त्या जागेच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत. आपल्या वागळे इस्टेटमध्येही कारखान्यांच्या जागी कार्यालये आणि मोठ्या इमारती आल्या, आणि एका फाटकातून एकाच भोंग्यावर आत जाणारा कामगार विखुरला. गिरणी बंद पडली की तिच्याभोवतीची संघटनाही विरघळते. जमीन मात्र बंद पडत नाही आणि उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. डहाणूत लाल बावटा टिकला याचे सर्वांत साधे कारण, माझ्या मते, हेच आहे.

एकट्या आमदाराच्या हातात काय असते?

विधानसभेत बोलण्याची वेळ पक्षाच्या संख्याबळाच्या प्रमाणात मिळते. शंभराहून अधिक सदस्य असलेल्या पक्षाच्या वाट्याला तास येतात. एकट्याच्या वाट्याला मिनिटे येतात. तरीही काही साधने अशी आहेत, जी पक्षाच्या आकारावर अवलंबून नाहीत. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली, तर एखाद्या तातडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावे लागते. औचित्याच्या मुद्द्यावर अगदी थोडक्यात का होईना, विषय नोंदीत आणता येतो. आश्रमशाळेत शिक्षक नाहीत किंवा वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे पडून आहे, यांसारख्या गोष्टींवर सरकारचे अधिकृत उत्तर कागदावर आणणे हे लहान काम नाही, कारण तेच उत्तर हातात घेऊन गावकरी तहसील कचेरीत उभे राहू शकतात.

याशिवाय प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो. रस्ते, शाळाखोल्या, पाण्याच्या योजना यांसाठी तो उपयोगी पडतो. पण डोंगराळ, विखुरलेल्या पाड्यांच्या मतदारसंघात तो किती पुरणार, हे वेगळे सांगायला नको.

पण आवाजी मतदानात एकाच्या ‘नाही’ला किंमत काय?

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याचे उत्तर आपल्याला आपल्याच इमारतीत सापडेल. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्ष ठराव वाचतात, ‘मंजूर?’ असे विचारतात आणि मागच्या खुर्च्यांवरून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो. विधानसभेतले आवाजी मतदान साधारण असेच असते. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा वाटला की प्रस्ताव संमत झाल्याचे जाहीर होते. कोणी मतविभागणी मागितली आणि ती झाली, तरच कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नावानिशी नोंद होते. सोसायटीच्या सभेत एखादा सभासद उठून ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा’ असे म्हणतो, तेव्हा ठराव अडत नाही. पण चार वर्षांनी तेच प्रकरण उपनिबंधकांकडे गेले की सर्वप्रथम इतिवृत्त मागवले जाते आणि त्या एका ओळीला वजन येते. सभागृहाच्या कामकाजाची नोंदही अशीच कायम राहते. ‘सर्वानुमते’ आणि ‘बहुमताने’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते काही वेळा एकाच माणसाच्या भाषणाने निर्माण होते.

३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्या सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला, तेव्हा १६९ सदस्य बाजूने होते आणि चार सदस्य तटस्थ राहिले. त्या चारांत निकोले होते. काँग्रेस आणि राष्ट्रवादीशी निवडणुकीत समझोता करून ते निवडून आले होते आणि तेच पक्ष सरकारात होते. तरीही ते सरकारच्या बाजूने उभे राहिले नाहीत. युती केली म्हणजे भूमिका सोडली, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. युतीच्या मतांशिवाय पाच हजारांच्या फरकाने जिंकता आले नसते हे खरे, आणि पक्षाच्या स्वतंत्र बळाची मर्यादाही त्यातून दिसते हेही तितकेच खरे.

पक्षांतराचाही प्रश्न येथे येतो. विधिमंडळ पक्षातील दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याचे ठरवले, तर पक्षांतरबंदी कायद्यातून सूट मिळण्याची वाट उघडते. एका सदस्याच्या पक्षात दोन तृतीयांश म्हणजे तो एकटाच. अर्थात ज्याला फोडण्यासाठी दुसऱ्या कोणाचीही संमती लागत नाही, असा आमदार म्हणजे एकटा आमदार. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष कसे फुटले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या काळात हा एक आमदार जागेवरून हललेला नाही, याची नोंद कोणत्याही विचाराच्या वाचकाने घ्यावी.

वनहक्काचा प्रश्न, आपल्या इमारतीच्या भाषेत

डहाणूच्या राजकारणाच्या मुळाशी जमीन आहे, म्हणून वनहक्क कायदा थोडा समजून घ्यायला हवा. ठाण्यात शेकडो इमारती अशा आहेत, जिथे लोक तीस-चाळीस वर्षे राहत आहेत, सर्व कर भरत आहेत, पण इमारतीखालची जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, कारण कन्व्हेयन्स झालेले नाही. पुनर्विकासाची वेळ आली की याचा अर्थ काय होतो, ते रहिवाशांना कळते. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या आदिवासीची स्थिती अशीच आहे. फरक एवढाच की त्याच्याकडे करारपत्रही नाही आणि सरकारी कागदावर तो अतिक्रमण करणारा ठरतो.

२००६ चा वनहक्क कायदा ही चूक दुरुस्त करण्यासाठी झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन प्रत्यक्ष कसत आहे, त्याचा त्या जमिनीवरचा हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, मान्य करावा, असे हा कायदा सांगतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे. अडचण अंमलबजावणीत आहे. कोणाचा दावा पुराव्याअभावी फेटाळला जातो, कोणाला दोन एकर कसत असताना काही गुंठ्यांचाच हक्क मिळतो, तर कोणाच्या हाती प्रमाणपत्र येते पण सात-बारावर नाव लागत नाही. सात-बारा नाही म्हणून पीककर्ज मिळत नाही आणि अवकाळी पावसाची भरपाईही मिळत नाही.

‘हे लोक विकासालाच विरोध करतात’

डहाणू तालुक्यातील वाढवण येथील सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. माकपने या बंदराला विरोध केला आहे आणि त्यामुळे हा आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जातो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणही नेमले गेले, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर मच्छीमारांची आणि बागायतदारांची काळजी अवास्तव म्हणता येत नाही. बंदराने रोजगार येईल, असे त्याचे समर्थक सांगतात; ज्याची उपजीविका आज समुद्रावर आहे, तो विचारतो की तो रोजगार माझ्या मुलाला मिळेल याची हमी कोण देणार. हा प्रश्न सभागृहात विचारणारा कोणीतरी असावा, एवढे बंदराच्या समर्थकालाही मान्य व्हावे.

मात्र दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. इतकी वर्षे लाल बावटा असूनही या भागातील अनेक कुटुंबांना पावसाळा संपला की मजुरीसाठी घर सोडावे लागते. आपल्या भिवंडी-ठाणे परिसरातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर राबणाऱ्या आदिवासी मजुरांत याच पट्ट्यातील माणसे असतात. तलासरीत परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय उभे राहिले हे मोठे काम आहे, पण तेथे शिकलेल्या मुलाला जवळपास नोकरी मिळत नाही. सत्तेत नसलेल्या एका आमदाराला त्याचा सगळा दोष देता येणार नाही. पण संघर्षाने वेठ संपवणाऱ्या चळवळीने त्यापुढची उपजीविका कशी उभी करायची, याचे उत्तर अजून पुरेसे दिलेले नाही, असे मला वाटते.

आत एक, बाहेर हजारो

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च कसारा घाट उतरून ठाण्यातूनच मुंबईत गेला. महामार्गाच्या कडेला पाणी आणि खाण्याचे पदार्थ घेऊन उभे राहिलेले ठाणेकर अनेकांना आठवत असतील. अनवाणी आणि सोललेल्या पावलांनी चालणाऱ्या म्हाताऱ्या बायका ज्याने पाहिल्या, तो त्या विसरणे कठीण. आमदार असलेले गावित त्या मोर्च्यात चालत होते. दहावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवशी अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा मोर्चेकऱ्यांनी रात्रीच पायी पार केला आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदान गाठले. वनहक्काच्या मागण्यांवर सरकारने लेखी आश्वासन दिले.

पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला, कारण त्या आश्वासनांतले बरेचसे कागदावरच राहिले होते. या वेळी मोर्चा शहापूर तालुक्यातील वासिंदला थांबला. गावित तेव्हा आमदार नव्हते, निकोले होते. दोघे मिळून मुख्यमंत्र्यांशी वाटाघाटीला बसले. वनहक्काच्या प्रश्नासाठी नेमायच्या समितीत या दोघांचाही समावेश झाला. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात निवेदन केले, त्या दिवशी सभागृहात माकपचा एकच सदस्य होता आणि सभागृहाबाहेर, मुंबईच्या वेशीबाहेर वासिंदला, हजारो माणसे उन्हात बसून होती. त्यांच्यातल्या एका शेतकऱ्याचा या मुक्कामाच्या काळातच मृत्यू झाला. निवेदन झाल्याचे कळूनही ती माणसे लगेच उठली नाहीत. निर्णय कागदावर उतरून खालच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचत आहेत याची खात्री झाल्याशिवाय वासिंद सोडायचे नाही, असे त्यांच्या नेत्यांनी सांगितले होते, आणि १८ मार्चला मोर्चा मागे घेतल्याचे जाहीर झाल्यावरच माळरानावरचे लाल झेंडे गुंडाळले गेले.